जयमंगळेची कमान उतरविली ते हकीकत

श्रीकुलदेवीचे चरणीं माथा ठेवून, आणि ज्यांच्या मुखें हरिकथा ऐकोन या कानांचें सार्थक जाहलें त्या लहानथोर सर्व बुवांस दंडवत घालून, घडलें तैसें लिहिलें आहे. शके एकोणीसशें बारा, प्रमोदनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमीपासून आश्विन शुद्ध एकादशीपावेतों, इतक्या मुदतींतलें हें वर्तमान. राज्य कोणतें हें पुसों नये. नदीच्या अलीकडे आणि डांबरी सडकेच्या पलीकडे एक राज्य होतें इतकें पुरे. त्या राज्यास राजा नव्हता, देवीच राजा, आणि तिच्या नांवें मानाजीराव कारभारी कारभार हांकीत. देवीच्या पदरीं हत्ती नव्हते, तोफा नव्हत्या, फौज म्हणाल तर चार भालदार आणि त्यांतील दोघे पोस्टांत नोकरीस. शस्त्र एकच, तें छर्‍याची जुनी बंदूक, कोणा गोर्‍या इंजिनेरानें पूल बांधून जातेसमयीं देवीस नजर केलेली, तिचें नांव जयमंगळा. तिला दारू लागत नसे. नळी मोडून ताण द्यावा म्हणजे पोटांतली पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, दबून बसे, आणि चाप ओढिला कीं कमान सुटे, कमानीपुढें दट्ट्या धांवे, दट्ट्यापुढें हवा दाबली जाई, आणि त्या हवेच्या धक्क्यानें छर्रा जाई, येवढेंच तिचें बळ. दसर्‍यास सीमेवरील आपट्याच्या फांदीस लिंबू टांगावें आणि कारभार्‍यांनीं जयमंगळेनें तें मारावें, मग सोनें लुटावें, ऐसा शिरस्ता. आणि आदले दिवशीं खंडेनवमीस शस्त्रपूजा करितां, नळीमागें जें हवेचें बारीक छिद्र त्यास देवीचें मुख मानून त्यांत पळीभर गोडेतेल, चिमूटभर कुंकू आणि अक्षता घालाव्या, हाही शिरस्ता. मग दसर्‍यास बार केला म्हणजे थोर आवाज होई आणि नळींतून धुराचा लोट निघे, आणि लोक हात जोडून म्हणत कीं देवी बोलली.

त्या राज्यांत द्वारकाबाई म्हणोन शिवणयंत्रांच्या वैद्य होत्या. यजमान वारल्यावर दुकान यांनींच चालविलें, आणि पंचक्रोशींतलें कोणतेंही यंत्र, टांका सोडणारें असो वा पट्टा खाणारें असो, बाईंच्या हाताखालून गेलें म्हणजे सुतासारखें सरळ होई. बाईंचे वडील बंधु सोनाजी, हे देवीच्या मंडपांतले मृदंगी. त्यांचा हात ऐसा कीं बुवा कीर्तनास उभे राहिले आणि सोनाजींनीं पहिली थाप दिली म्हणजे मागें बसलेल्या म्हातार्‍यांच्या माना आपोआप वर होत. परंतु अकरा वर्षांमागें जयमंगळा अडकली, आणि सोनाजींनीं सेवा समजोन ती मांडीवर घेतली, आणि मागलें तोंड मिटविणार्‍या बुचाच्या खिळी हातोडीनें ठोकून काढिल्या. कमान आंत दबून बसली आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. दुसरी खीळ निघाली आणि बूच बाणासारखें सुटलें आणि उजव्या हाताची तर्जनी दोन पेरें घेऊन गेलें. द्वारकाबाई तेव्हां अंगणांतच होत्या, त्यांनींच पदर फाडून बोट बांधिलें. मग शहरांतला कोणी कारागीर येऊन बंदूक कशीबशी मिटवून गेला, आणि मानाजीरावांनीं भर सभेंत सांगितलें कीं देवीचें शस्त्र उकललें म्हणोन देवीचा कोप जाहला. त्या दिवसापासून सोनाजींनीं मृदंगास गवसणी घातली ती काढिली नाहीं, आणि कीर्तन असे तेव्हां देवळामागील चिंचेखालीं एकटे बसून ऐकत, मंडपांत पाऊल टाकीत नसत. कोपाचा माणूस पुढें बसला तर कथेस विघ्न, असें त्यांनीं आपल्या मनानेंच धरिलें. द्वारकाबाई आंत बायकांत बसत, परंतु त्यांचें अर्धें चित्त चिंचेखालीं असे, आणि अकरा वर्षांत एकही कथा त्यांस पुरती गोड लागली नाहीं.

यंदा भाद्रपद वद्य पंचमीस कारभार्‍यांनीं बंदूक बाहेर काढून ताण देऊन पाहिला, तों आंतून कचकच आवाज आला आणि नळी निर्जीवासारखी लोंबों लागली. मग दरबार भरला. कोणी म्हणाले नदींत सोडावी, कोणी म्हणाले बाजारांतल्या वेल्डरास द्यावी, तो घणानें दोन तडाख्यांत उकलतो, आणि पुजारीबावांचें म्हणणें कीं देवीस विचारल्याविण कांहींच करूं नये. तेव्हां द्वारकाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या कीं मी उकलतें, झाडतें, आणि दसर्‍याच्या आंत लावून देतें. मानाजीराव हांसले आणि म्हणाले, "बाई, हें शिवणयंत्र नव्हे."

"म्हणून तर विचारते आहे," बाई म्हणाल्या. "शिवणयंत्र असतं तर विचारलं नसतं. आणि माझी एक अट आहे. कुणाचं नखसुद्धा न दुखतां उकलली, तर दादाच्या बोटावर तुम्ही देवीचं नांव लावलंत, तें सगळ्यांसमोर काढायचं."

मानाजीराव हट्टी खरे, परंतु शब्दाचे पुरुष होते. त्यांनीं मिशीवर हात फिरविला आणि सांगितलें कीं कबूल, परंतु पुन्हां रक्त सांडलें तर बंदूक गाभार्‍यांत बंद आणि कोपाचा शब्द कायमचा. बाईंनीं मान हालविली आणि बंदूक गोणपाटांत गुंडाळून घरीं नेली.

आणि मग बाई पांचसहा दिवस बंदुकीस हात न लावतां नुसत्या तिजकडे पाहात राहिल्या. आंतली रचना कागदावर काढावी, खोडावी, पुन्हां काढावी. शहरांत अशाच बंदुका झाडणारा एक वयस्क माणूस होता, त्याकडे एसटीनें जाऊन त्यांनीं दोन प्रहर बसून पाहिलें, आणि त्यानें एकच गोष्ट तीनदां सांगितली कीं, बाई, ताण दिलेला नसला तरी कमान मोकळी नसते, बुचामागें ती सदा दाबलेलीच असते, तिला जागा द्या ती हळूहळू द्या. मग बाईंनीं सुताराकडून मूठ फिरवून आवळावयाचा हातभर जबड्याचा लांब शिकंजा आणिला, वेल्डराकडून डोळ्यांवरचा जाड चष्मा आणिला, आणि सर्व सिद्धता करून त्या सोनाजींच्या दारीं गेल्या. कारण शिकंज्याची मूठ फिरवावयास दुसरा माणूस पाहिजे होता, आणि तो कोण हें बाईंनीं पहिल्या दिवशींच ठरविलें होतें.

सोनाजींनीं ऐकिलें आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि म्हणाले कीं द्वारके, माझा हात त्या वस्तूस लागतां कामा नये, देवीनें एकदां सांगितलें तें पुरे. बाईंनीं चहा होऊं दिला, पिऊं दिला, आणि मग म्हणाल्या, "दादा, देवी तुझं बोट कशाला घेईल? तिला काय मृदंग वाजवायचा आहे?"

सोनाजींस राग आला, आणि रागाच्या मागोमाग हांसूं आलें, आणि दोन्ही एकदम आल्यानें ठसका लागला. बाईंनीं पाठीवर हात फिरविला आणि सांगितलें कीं, तूं नाहीं आलास तर वेल्डरचा माणूस येईल, पण मूठ हळू फिरवावी लागते, आणि या गांवांत लयीला धरून चालणारा हात एकच आहे. भाद्रपद वद्य द्वादशीस सकाळीं बाईंच्या दुकानाचें दार वाजलें आणि सोनाजी चपला काढून आंत आले.

त्या दिवशीं दुकानांत मानाजीराव आणि पुजारीबावा हे साक्षीस हजर होते. मानाजीरावांची खुर्ची बरोबर बुचासमोर मांडलेली पाहून बाईंनीं सांगितलें कीं कारभारी, त्या जागीं तूर्त गादी बसणार आहे, आणि खरोखरच कापसाची जुनी गादी भिंतीशीं उभी करून बुचाचें तोंड तिजकडे केलें, आणि मानाजीराव कुरकुरत कोपर्‍यांत जाऊन बसले. मग कामास आरंभ जाहला. प्रथम नळी मोडून डोळ्यांनीं पाहिलें कीं छर्रा नाहीं. मग पाहिलें कीं ताण दिलेला नाहीं. आणि तें दोन्ही सोनाजींकडून पुन्हां पाहून घेतलें. मग तीन स्क्रू काढून लांकडी कुंदा वेगळा केला, आणि चापाचा जोड उतरविला, आणि कमान जींत बसे ती लोखंडाची उघडी नळकांडी शिकंज्याच्या जबड्यांत आडवी ठेविली, एकीकडे लांकडाचा ठोकळा आणि दुसरीकडे बुचावर दुसरा ठोकळा. बाईंनीं चष्मा लाविला, भावासही लाविला, आणि सांगितलें कीं फिरव. सोनाजींनीं डाव्या हातानें मूठ फिरविली, बूच केसभर आंत गेलें, आणि ठोकळा कट्‌ करून सरकला. मूठ सोडून द्यावी असें सोनाजींच्या सार्‍या अंगांत आलें तें बाईंस दिसलें.

"सोडूं नकोस," त्या म्हणाल्या. "धर. आतां उलटी फिरव, सावकाश."

सोनाजींनीं धरिलें. उलटी फिरविली. शिकंजा मोकळा जाहल्यावर बाईंनीं ठोकळा हातांत घेऊन पटाशीनें त्यांत बुचाच्या मापाची खोबण पाडिली, घांई केली नाहीं, कारभार्‍यांनीं दोनदां खोकून उशीर सुचविला तरी केली नाहीं, आणि खोबणींत बूच नीट बसलें असें पाहून पुन्हां शिकंजा आवळविला. यावेळीं ठोकळा हालला नाहीं. खिळींवरचा भार उतरला तशा त्या जागच्या जागीं डुलूं लागल्या, आणि बाईंनीं बाजूस उभें राहून पितळी सळईनें एक खीळ टोचून काढिली आणि मग दुसरी काढिली. आतां बुचास धरणारें शिकंज्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें. पुजारीबावांनीं डोळे मिटले. बाई म्हणाल्या कीं दादा, आतां मी कांहीं सांगणार नाहीं, तुझ्या लयीनें ये. आणि सोनाजींनीं मूठ उलटी फिरविण्यास आरंभ केला, आणि प्रत्येक फेर्‍यास ओठांत एक मात्रा मोजूं लागले, चौतालाच्या बारा मात्रा, एकेक फेरा एकेक मात्रा, ना घांई ना रेंगाळणें. बूच इंचाइंचानें मागें येऊं लागलें, त्यामागें कमान अंग मोकळें करीत येऊं लागली, चार बोटें तरी आली, आणि बाराव्या मात्रेस शिकंजा सैल पडला आणि बूच बाईंच्या तळहातांत येऊन पडलें, जसें झाडावरून पिकलें बोर पडावें. कोणासही कांहीं जाहलें नाहीं. पुजारीबावांनीं डोळे उघडून विचारिलें कीं सुरू केव्हां करणार.

मग आंत काय निघालें तें सांगतों. कमान तीन तुकडे होऊन एकमेकींत अडकलेली. दट्ट्याच्या तोंडचें चामडें जळून कोळसा जाहलेलें. आणि नळकांडीच्या तळाशीं काळें कीट, त्यांत कुंकवाचा लाल थर, आणि अक्षतांचे तीन दाणे, भाजलेले. बाईंनीं तें सर्व पांढर्‍या फडक्यावर मांडिलें आणि समजावून सांगितलें कीं हवा एकाएकी दाबली म्हणजे तापते, आणि त्या तापल्या हवेंत तेल सांपडलें म्हणजे तें पेट घेतें, डिझेलच्या इंजिनांत होतें तेंच इथें होत होतें. धूर तेलाचा आणि आवाजही तेलाचा. त्या भडक्यानें दट्ट्या उलट आपटे, आणि कमान तुटे, आणि खिळी वांकत, आणि म्हणोनच अकरा वर्षांमागें बंदूक अडकली. सोनाजींनीं भाजलेला एक दाणा चिमटींत धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"मग मी काय चुकलों?" त्यांनीं विचारिलें.

"मांडीवर घेतलीस, आणि शिकंज्याविना खीळ ठोकलीस," बाई म्हणाल्या. "तेवढं चुकलास. ठाऊक नव्हतं म्हणून चुकलास. त्यांत देवी कुठं आली?"

मानाजीराव उठले आणि छत्री घेऊन निघून गेले.

त्याउपरि दहाबारा दिवस जयमंगळेची शुश्रूषा चालली. नळकांडी रॉकेलांत भिजवून, काठीस फडकें गुंडाळून, आरशासारखी होईतों घांसली. पाय खरवडणार्‍या जुन्या चपलेचें जाड चामडें कापून दट्ट्यास नवी चकती केली, तीस तेलांत मुरवून मग कोरडी होईतों पुसून घेतली. नळीच्या सांध्यास लहान चकती निराळी. नवी कमान शहराहून आली, तिच्या अंगास काळ्या ग्रीसचें बोट फिरविलें, येवढेंच, आणि दट्ट्यापुढें थेंबही नाहीं. मध्यंतरीं मानाजीरावांनीं निरोप पाठविला कीं कमान बाजारांत मिळेल तेवढी लांब आणि जबर घालावी, म्हणजे देवीचा आवाज वाढेल. बाईंनीं उलट निरोप दिला कीं जुन्या अंगास जेवढें पेलतें तेवढेंच घालणार, आणि आवाजाचें बुवांवर सोपवावें, त्यांचा गळा चांगला आहे. मग त्याच शिकंज्यानें, त्याच खोबणीच्या ठोकळ्यानें, सोनाजींच्या त्याच बारा मात्रांनीं कमान आंत बसविली, आणि खिळी नव्या घातल्या.

खंडेनवमीस शस्त्रपूजा जाहली. जयमंगळेस हळद वाहिली, कुंकू वाहिलें, झेंडूची माळ घातली, आणि मानाजीरावांनीं सवयीनें तेलाची पळी उचलली. द्वारकाबाईंनीं पुढें जाऊन त्या छिद्रावर आपला तळहात ठेविला. मंडपांत कुजबूज उठली, आणि एक जण म्हणाला कीं बाई देवीच्या तोंडचा घांस अडवितात.

"हात काढा, बाई," मानाजीराव हळूच म्हणाले. "लोक बघतायत. माझ्या आजोबांपासूनचं आहे हें."

"ठाऊक आहे, कारभारी," बाई म्हणाल्या. "मी काय सांगितलं तें तुम्ही ऐकलंय आणि दाणेही पाहिलेत. घालायचं तर माझ्या हातावर घाला."

मानाजीराव जागचे हालले नाहींत, आणि बाईही हालल्या नाहींत. शेवटीं अभिमानानें पळी कलती जाहली आणि तेल बाईंच्या हातावर पडलें, बोटांमधून ओघळलें, बांगड्यांपर्यंत गेलें, परंतु छिद्रांत थेंब गेला नाहीं. मग बाईंनीं तो तेलाचा हात बंदुकीच्या लांकडी कुंद्यावर वरपासून खालपर्यंत फिरविला, तों जुनें शिसवी लांकूड काळेंभोर चमकूं लागलें, आणि त्या म्हणाल्या कीं देवीला तेल पोंचलें, लांकडाला तें मानवतें.

दसर्‍यास तिसर्‍या प्रहरीं राज्य सीमेवर लोटलें. लिंबू टांगिलें. सोनाजी लोकांपासून दूर बांधावर उभे राहिले, आणि बाई त्यांच्याजवळ. मानाजीरावांनीं ताण दिला, नेम धरिला, आणि चाप ओढिला. टप्प असा आवाज जाहला, जसें कोणी बोट मोडावें. धूर नाहीं, गडगडाट नाहीं. लोक थोडा वेळ वाट पाहात राहिले कीं अजून कांहीं व्हावयाचें असेल, आणि मग मागून एक आवाज आला कीं देवी बोलली नाहीं, आणि दुसरा आला कीं बाईच्या हातानें गेली. द्वारकाबाईंस ठाऊक होतें कीं या घटकेस लोकांनीं कोपाचा शब्द पुन्हां उच्चारला असता तर सोनाजी या जन्मीं मंडपांत येते ना. तरी त्या जागच्या हालल्या नाहींत.

मानाजीरावांनीं बंदूक भालदाराच्या हातीं दिली आणि आपण आपट्याखालीं गेले. आजवर लिंबू तोडून, चिरून, प्रसाद म्हणोन वांटण्याचा प्रघात. बार एवढा थोर होई कीं लिंबास लागलें कीं नाहीं हें पाहावें असें कोणाच्या मनांतच येत नसे. मानाजीरावांनीं लिंबू हातांत घेतलें. मधोमध भोंक पडलें होतें, या बाजूनें त्या बाजूस, आणि रस त्यांच्या मनगटावर गळत होता. त्यांनीं त्या भोंकांतून एकदां आभाळाकडे पाहिलें.

"वीस वर्षं मी कुठं मारीत होतों?" ते आपल्याशींच म्हणाले, परंतु पुढल्या रांगेनें ऐकिलें आणि हंशा पिकला, आणि कारभार्‍यांसही त्या हंशांत थोडें हांसावें लागलें. मग ते लिंबू घेऊन बांधावर चढले, सोनाजींसमोर उभे राहिले, आणि सर्व राज्यास ऐकूं जाईल अशा स्वरानें बोलले.

"सोनाजी, तो कोप नव्हता. तेल होतं. आणि तेल माझ्या पळीचं होतं."

सोनाजींनीं मानाजीरावांच्या हातावर आपट्याचें पान ठेविलें आणि वांकून नमस्कार केला, आणि मानाजीरावांनीं त्यांस मध्येंच धरून उभें केलें. धूर नाहीं म्हणोन कांहीं जण घरीं जातां जातां कुरकुरत राहिले, तेही खरें, तें लपवीत नाहीं.

दुसरे दिवशीं एकादशी. सकाळच्या कीर्तनास शिवरामबुवा उभे राहणार होते. पहांटे उठून सोनाजींनीं मृदंगाची गवसणी काढिली, वाद्या ओढून पाहिल्या, आणि डाव्या पुडीस लावावयास कणीक मागितली. द्वारकाबाईंनीं ती स्वतः भिजविली, ना घट्ट ना सैल. मंडपांत सोनाजी आले तेव्हां बसलेले लोक सरकले आणि बुवांच्या उजव्या अंगास जागा जाहली. बुवांनीं नमन केलें, टाळ सुरू जाहले, आणि सोनाजींनीं थाप दिली. पहिली बरी पडली. पुढें दुप्पट लयीच्या दुगणींत जेथें तर्जनीचें काम तेथें बोल हुकला, एकदां हुकला, दुसर्‍यांदां हुकला, आणि सोनाजींनीं मान खालीं घातली. तेव्हां शिवरामबुवांनीं, ज्यांस लयीचा मोठा अभिमान आणि जे कोणासाठींही थांबत नसत, त्यांनीं चिपळ्या एका हातीं घेऊन दुसर्‍या हातानें टाळकर्‍यांस खूण केली, आणि सारी लय सोनाजींच्या हातापाशीं येऊन उभी राहिली. सोनाजींनीं मधल्या बोटानें तो बोल शोधिला, दोनदां चांचपला, आणि तिसर्‍या आवर्तनांत तो सांपडला, थोडा जाड, थोडा उशिरा, परंतु समेवर. द्वारकाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनीं त्या दिवशीं कथा पहिल्यापासून शेवटपावेतों ऐकिली, आणि काय ऐकिलें म्हणोन विचारितां त्यांस एक अक्षर सांगतां आलें नाहीं.

सारांश इतकाच कीं दबलेल्या वस्तूस हळूहळू जागा द्यावी, मग ती लोखंडाची असो कीं माणसाची, आणि देवीची सेवा करावी ती डोळे उघडे ठेवून. लिहिणारानें पाहिलें तितकें लिहिलें. अधिकउणें असेल तें श्रोत्यांनीं पदरांत घ्यावें. बहुत काय लिहिणें, नामस्मरण असों द्यावें.